अंबाडीची फाइल

आमच्या घरात दोन मिलिलिटर ॲसिड ओतायला तीन सह्या लागायच्या. ऑफिसात डबा खाताना हे सांगितलं की बायका हसून हसून बेजार होतात. हसू देत बिचाऱ्या. त्यांच्या घरी असा नवरा नाही, अशी सासू नाही आणि बाल्कनीत पाण्यावर वाढणारी अंबाडीही नाही. माझ्या घरी हे तिन्ही एकाच पावसाळ्यात एकत्र आलं आणि माझ्या नाकी नऊ आले.

सुरुवात सासूबाईंच्या पडण्यापासून झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्या एकट्या राहायच्या. मार्चमध्ये न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, नुसता खुबा दुखावला, पण आमच्या ह्यांनी फोन ठेवला आणि थेट स्टेशन गाठलं. चौथ्या दिवशी आईंना घेऊन हजर. सोबत एक बॅग, एक काठी, आणि आईंचा चेहरा असा की कुणी त्यांना अटक करून आणलंय. आम्ही राहतो आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी एका मंत्रालयात, हे दुसऱ्या मंत्रालयात, मुलगी दहावीत. सकाळी साडेआठला आम्ही तिघं बाहेर पडायचो आणि आई दिवसभर घरात एकट्या.

आई रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून म्हणायच्या, मी आता जातो. विदर्भात बायकाही ‘जातो’च म्हणतात. आणि हे रोज म्हणायचे, बघू. एप्रिल गेला, मे गेला, दिल्लीची ती भाजून काढणारी लू गेली, तरी ‘जातो’ आणि ‘बघू’ काही संपेना. खरं सांगते, मलाही त्या हव्या होत्या. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. घरी आल्यावर कुणीतरी लसूण सोलत बसलेलं असावं आणि ‘आलीस का’ म्हणावं, याची मला पुन्हा सवय लागली होती. त्यामुळे मीही त्या ‘बघू’त गुपचूप सामील होते.

जुलैत एका रात्री जेवताना ह्यांनी विषय काढला. म्हणाले, गावचं घर बंद करून टाकू, तू आता कायमची इथंच. आईंनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाल्या, “घरच्या अंबाडीची भाजी खाऊ घालशीन तं राह्यतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत मुदत. नाही तं मले गाडीत बसवून दे.”

हे एका क्षणात ‘मंजूर’ म्हणाले. ह्यांच्या तोंडून एका क्षणात ‘मंजूर’ निघालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

ह्यांना वाटलं, सोपं काम. दुसऱ्याच दिवशी दक्षिणेकडच्या भाज्या मिळतात त्या बाजारातून अंबाडीची एक जुडी घेऊन आले. आईंनी पान चोळलं, हुंगलं आणि ताटाबाहेर ठेवलं. घरची म्हटलं होतं मी, म्हणाल्या, तोडली की लगेच चुलीवर जाणारी. मुलीनं विचारलं, आजी, अंबाडी एक्झॅक्टली काय असते? दिल्लीत वाढलेली पोर, तिला पालक, मेथी आणि सरसों, एवढीच पालेभाजी माहीत. आई तिला सांगायला लागल्या, पान कसं, देठ कसा, आंबट कशी की दात शिवशिवतात, आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज ओला झाला. झालं. तिथंच ह्यांनी कंबर कसली.

आता कुंडीत लावायची तर क्वार्टरच्या बाल्कनीत कुंड्यांना बंदी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आधीच दोनदा तक्रार केली होती की आमच्या कुंड्यांमुळे त्यांच्या छताला ओल येते. एकदा माकडांनी तुळशीची कुंडी थेट त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर ढकलली होती, तेव्हापासून त्या आमच्याशी बोलतही नाहीत. म्हणजे मातीचा मार्ग बंद. तेव्हा ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, साहेब, मातीशिवाय करा, पाण्यावर. आईंना हे कळलं तेव्हा त्या कितीतरी वेळ खुदूखुदू हसत होत्या. पान्यावर अंबाडी म्हने. मला वाटलं, कौतुकानं हसताहेत.

आठवड्यात सामान आलं. एक निळी टाकी, झाकणाला सात भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा पेला, आणि मासे पाळतात त्यांच्याकडे असतो तसला हवेचा पंप, जो दिवसरात्र बुडबुड करायचा. खताच्या दोन बाटल्या, ‘ए’ आणि ‘बी’. पाणी आंबट करायची एक बाटली, म्हणजे ॲसिड, आणि उलट करायची दुसरी. शिवाय थर्मामीटरसारखा एक मीटर. बिया ऑनलाइन मागवल्या.

पहिल्याच दिवशी ह्यांनी ए आणि बी एका मगात ओतून एकत्र ढवळलं. दोन शाखांचं विलीनीकरण केलं की काम सुटसुटीत होतं, असा त्यांचा अनुभव. मगात दह्यासारखं पांढरं काहीतरी साचलं आणि तळाला बसलं. मग मुलीनं सूचना वाचून दाखवल्या की आधी ए पाण्यात, ढवळा, मग बी पाण्यात, ढवळा, आणि शेवटी पीएच बघा. ते पांढरं मी मोरीत ओतलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. ही माझी त्या पावसाळ्यातली शेवटची शांतता.

पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध, आकडा खाली गेला की आंबट, वर गेला की सोड्याच्या पाण्यासारखं. अंबाडीच्या टाकीत तो साडेपाच ते साडेसहा हवा. त्याच्या वर गेला तर खत पाण्यात असूनही मुळांना उचलता येत नाही. ताट समोर आणि तोंड शिवलेलं. आणि आमच्या नळाचं पाणी इतकं क्षारांचं की बादलीला महिन्यात पांढरा थर धरतो. त्या पाण्यानं टाकी भरली की आकडा खाली आणावा लागायचा, आणि खाली आणला की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर चढलेला. रोज मोजा, रोज थोडं ॲसिड घाला, अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा. कुणीही शहाण्या माणसानं हे पाच मिनिटांत केलं असतं. पण आमच्या घरात शहाणा माणूस अवर सचिव आहे.

ह्यांचं दुःख मला माहीत होतं. ऑफिसात सगळ्या फायली संगणकावर गेल्या. हिरव्या कागदावर पेनानं टिप्पणी लिहायची, खाली सही, बाजूला तारीख, हे सगळं संपलं. त्या हिरव्या कागदावाचून माणूस आतून वाळत चालला होता. अंबाडीच्या निमित्तानं ते एका रविवारी सरोजिनी नगरच्या बाजारात गेले, कपड्यांच्या ढिगांमधून वाट काढत एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात पोचले, आणि हिरव्या कागदांचं बंडल, एक जाड पुठ्ठ्याची फाइल आणि लाल फीत घेऊन आले. चेहरा असा की सोनं मिळालंय.

फाइलवर लिहिलं: ‘विषय – आईस घरच्या अंबाडीची भाजी उपलब्ध करून देणेबाबत.’ त्यात मुलगी झाली प्रकरण हाताळणारी लिपिक. तिनं सकाळी मोजायचं आणि लिहायचं. मी अधिकारी, मी ‘सहमत’ लिहायचं. हे मंजुरी देणार. आणि आई लाभार्थी. असं पहिल्याच पानावर चौघांची नावं न लिहिता नुसती पदं लिहून हे मोकळे झाले.

तर रोज सकाळी सात दहाला मुलगी दात घासता घासता लिहायची: ‘टाकीतील पाण्याचा पीएच सहा पॉइंट नऊ आढळला. दोन मिलिलिटर ॲसिड टाकण्यास मंजुरी असावी. आदेशार्थ सादर.’ पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, मम्मा, आढळला म्हणजे काय यार? मी पोळ्या लाटत पीठ लागलेल्या हातानं ‘सहमत’ लिहायची. मग फाइल ह्यांच्याकडे. हे दाढी करत असले तर फाइल दाढी होईपर्यंत प्रलंबित. एकदा ह्यांनी समासात लिहिलं, ‘दोनच मिलिलिटर का? मागील नोंदींच्या आधारे स्पष्ट करावे.’ मुलीची स्कूलबस गेली. मी तिला ऑटोनं शाळेत सोडलं आणि मग ऑफिसात उशिरा पोचून तिथं वेगळं स्पष्टीकरण दिलं.

पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीला जमलं. बियांना कोंब आले, जाळीच्या पेल्यातून पांढरी मुळं खाली लोंबायला लागली, दोन पानं, चार पानं. ऑगस्टच्या मध्याला सातही रोपं वीतभर झाली. हे रोज ऑफिसातून आल्यावर चपलाही न काढता आधी बाल्कनीत. आईंना हाक मारायचे, बघ, बघ. आई येऊन बघायच्या आणि परत जाऊन बसायच्या. त्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, उमस आहे, होतं असं.

आणि मग ह्यांना चार दिवसांचा दौरा आला. जाताना मी म्हटलं, पीएचचं काय? म्हणाले, फाइलचा फोटो पाठवा, मी तिथून आदेश देईन. मी म्हटलं, बरं.

सोमवारी आकडा सात पॉइंट एक. मुलीनं टिप्पणी लिहिली, मी सहमत झाले, फोटो पाठवला. उत्तर नाही, बैठक चालू. मंगळवारी उकाड्यानं टाकीतलं पाणी दोन बोटं उतरलं, मी नळाचं पाणी भरलं, आकडा सात पॉइंट सहा. फोटो पाठवला. संध्याकाळी ह्यांचं उत्तर आलं. दोन शब्द. ‘चर्चा करावी.’

कुणाशी चर्चा करू? अंबाडीशी? फोन लावला तर उचलला नाही. बुधवारी आकडा सात पॉइंट नऊ, आणि कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मुलीनं गूगल करून सांगितलं, लोह मिळत नाहीये. लोह टाकीत भरपूर आहे, पण आकडा वर गेल्यामुळे रोपांना घेता येत नाहीये. मी त्या पिवळ्या पानांकडे बघितलं, मग मोबाइलवरच्या त्या ‘चर्चा करावी’कडे बघितलं, आणि माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं ऑफिसात ‘चर्चा करावी’ वाचते आहे, आता घरातही? डोंबलाची चर्चा. मी ॲसिडची बाटली उचलली, झाकणभर ओतलं, आणि रागात होते म्हणून आणखी एक झाकण ओतलं.

अर्धा तास थांबायचं असतं, तेही थांबले नाही. भाजी टाकायला गेले. परत आले तर मुलगी मीटर हातात धरून पुतळ्यासारखी उभी. आकडा तीन पॉइंट आठ. म्हणजे लिंबाच्या सरबतात रोपं उभी. घाबरून मी दुसरी बाटली ओतली, आकडा उसळून सात पॉइंट पाच. पुन्हा ॲसिड, चार पॉइंट सहा. मी, मुलगी आणि तो आकडा, तिघांचा झोपाळा रात्रीच्या जेवणापर्यंत चालू. शेवटी टाकी रिकामी करून नवीन पाणी भरलं तेव्हा तो सहावर थांबला. मीही बाल्कनीतच खाली बसले.

सकाळी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. दोन दिवसांत सातातली चार रोपं माना टाकून गेली. मला रडू आलं, अगदी खरंखुरं रडू. आई आल्या, मेलेली रोपं काठीनं हळूच हलवून बघितली, च् च् केलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या रात्री त्या दोन भाकरी जेवल्या आणि झोपताना काहीतरी गुणगुणत होत्या. मला धीर द्यायला म्हातारी एवढं करते, असं मी मनात म्हटलं आणि आणखी थोडी रडले.

दौऱ्यावरून हे आले. बॅग ठेवली, बाल्कनीत गेले, परत आले आणि टेबलाशी बसून काहीतरी लिहायला लागले. अर्ध्या तासानं हिरवा कागद माझ्यासमोर. ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना ॲसिड टाकल्याप्रकरणी स्पष्टीकरण तीन दिवसांत सादर करावे.’ मी तो कागद वाचला, नीट घडी केला, आणि ह्यांच्या डब्यात पोळ्यांच्या खाली ठेवला. पुढचे चार दिवस डब्यात रोज पिवळी डाळ आणि पोळी. पाचव्या दिवशी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, डाळीबाबत चर्चा करावी का? मला हसू आलं आणि तिथंच सगळं विरघळलं.

पण हसण्यानं अंबाडी वाढत नाही. तीनच रोपं उरली होती आणि दिवस महिन्याच्या वर थोडे. ह्यांचा जीव टांगणीला लागला होता, ते मला दिसत होतं. रात्री पडल्यावर एकदा म्हणाले, ती परत गेली आणि पुन्हा पडली तर? आणि तेव्हा शेजारी कुणी नसलं तर? मग कूस बदलून झोपल्याचं सोंग केलं. मी म्हटलं, आईंना ठेवायचंय ना? मग अधिकार सोडा. त्या रात्री त्यांनी जन्मातली सगळ्यात कठीण टिप्पणी लिहिली: दोन मिलिलिटरपर्यंतचे अधिकार लिपिकाकडे, मंजुरीची गरज नाही, नंतर फक्त नोंद.

काय सांगू, पंधरा वर्षांची पोर आम्हा दोघांपेक्षा हुशार निघाली. तिनं नळाचं पाणी बंद केलं आणि निम्मं फिल्टरचं पाणी मिसळायला लागली. ॲसिड आधी तांब्याभर पाण्यात पातळ करायचं, मग टाकीत थोडं थोडं. मीटरही दर रविवारी ठरलेल्या आकड्याच्या पाण्यात बुडवून तपासायचा, कारण एकदा तो स्वतःच अर्ध्या आकड्यानं खोटं बोलत होता. आकडा रोज शाळेत जायच्या आधी सहाच्या आसपास, शाळेतून आल्यावर पुन्हा सहाच्या आसपास. तिन्ही रोपांनी अशी उचल खाल्ली की दहा दिवसांत ती गजांतून बाहेर डोकावायला लागली. पानं हाताएवढी, देठ लालसर. खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही वर बघून मुलीला विचारलं, हे काय लावलंय? कित्येक महिन्यांनंतर त्यांच्या तोंडून आमच्यासाठी निघालेलं हे पहिलं वाक्य.

आईंनी मात्र बाल्कनीत यायचंच सोडलं. गुडघा दुखतो म्हणायच्या. वर्षावास, म्हणजे विहारातल्या ग्रंथवाचनाचे पावसाळ्यातले तीन महिने, संपत आला होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पांढरं पातळ नेसून, चष्मा लावून, त्या आतल्या खोलीत एकट्याच काहीतरी पुटपुटत बसायच्या.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सकाळी वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, खीर केली. मग हे स्वतः कात्री घेऊन बाल्कनीत गेले. तीन रोपांची पानं खुडून सूप भरलं. शिजायला टाकली आणि बघता बघता ती एवढीशी झाली. तूरडाळ घातली, ज्वारीच्या कण्या घातल्या, वर लसणाची चरचरीत फोडणी दिली, तरी सगळी मिळून मोठी वाटीभर भाजी. तीन महिने, एक फाइल, चार रोपांचा बळी, आणि वाटीभर भाजी. ती सगळीच आईंच्या पुढ्यात ठेवली. आम्ही तिघं आपापली ताटं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

आईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी लावली, तोंडात घातली. डोळे मिटले. बराच वेळ नुसत्या चावत राहिल्या. मग दुसरा घास, तिसरा. चमचाभर उरली तेव्हा थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “अंबाडीच हाये. घरची. राह्यलो मी.”

हे उठून नाचले. अक्षरशः. पन्नाशी उलटलेला अवर सचिव बनियनवर जेवणाच्या खोलीत नाचला. मुलगी व्हिडिओ काढायला लागली. आई तेवढ्यात उठून आतल्या खोलीत गेल्या होत्या; मी ताटं उचलली आणि त्यांचा हात धुवायला पाणी घेऊन आत गेले.

आई पलंगावर बसल्या होत्या. गावाहून आणलेली ती बॅग मांडीवर होती. इतके महिने ती पलंगाखाली होती, आणि मला आत्ता पहिल्यांदा कळत होतं की ती सगळे महिने भरलेलीच होती. त्या एकेक गोष्ट काढून पलंगावर ठेवत होत्या. दोन पांढरी पातळं, घराची किल्ली, न्हाणीत घालायच्या रबरी चपला. पदरानं नाक पुसत होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी शेजारी बसले. म्हटलं, आई, काय झालं?

“दिल्लीत पान्यावर अंबाडी येते,” त्या म्हणाल्या, “हे मले कोनं सांगतलं होतं?”

मला सगळं समजायला दोन मिनिटं लागली. म्हटलं, जायचंच होतं तर सरळ सांगायचं ना. त्या म्हणाल्या, रोज तर सांगत होतो, तुमी बघू म्हनत होते. पोराले तोंडावर नाही कसं म्हनू, त्याचं तोंड पाह्यलं का तुनं? म्हून अशी अट घातली की पुरीच होऊ नये. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विहारात वर्षावासाचं वाचन गेली चौदा वर्षं त्याच करत होत्या, बायका त्यांची वाट बघत बसतात. शेजारची पुतणी रात्री झोपायला यायला तयार होती, तिनं न्हाणीत धरायला दांडाही बसवून ठेवलाय. हे सगळं त्या मार्चपासून सांगणार होत्या.

“फाइलीत सगळ्यायच्या सह्या घेतल्या,” म्हणाल्या, “मले कोनी इचारलं?”

मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. लाभार्थी म्हणून पहिल्या पानावर लिहिलं होतं, आणि दोनशे नोंदी झाल्या असतील, पण लाभार्थ्याचं म्हणणं घ्यायचं आम्हा दोघा सरकारी माणसांना सुचलं नाही. मी म्हटलं, आई, मी आत्ता ह्यांना सांगते, उद्याचं तिकीट काढू. त्यांनी मान हलवली. नाही म्हणाल्या. शब्द दिला होता, भाजी खाल्ली, आता शब्द फिरवणार नाही. आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द, ते मला माहीत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. हे भांडी घासत होते, तेही गुणगुणत. मी सगळं सांगितलं. नळ चालू राहिला. मला वाटलं, चिडतील, किंवा म्हणतील, अट म्हणजे अट. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, टेबलावरची ती वाटी उचलली आणि आईंच्या खोलीत गेले. मी मागोमाग. हे आईंच्या पायाशी फरशीवर बसले, वाटीत उरलेली चमचाभर भाजी बोटानं पुसून तोंडात घातली.

आमच्या ह्यांना आंबट अजिबात सोसत नाही. कैरीच्या नुसत्या नावानं त्यांचे दात शिवशिवतात. त्यांचा एक डोळा मिटला, जबडा वाकडा झाला, कान लाल झाले. दुसऱ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. त्याच तोंडानं त्यांनी ऑफिसातला आवाज काढला.

“आई, ही आंबट नाही. अंबाडी आंबट पाहिजे. ही नुसती पालेभाजी झाली. अट पूर्ण झालेली नाही, तुला जावं लागेल.”

आता दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईंनी हात पुढे करून त्या पन्नाशीच्या माणसाचं तोंड पदरानं पुसलं, शेंबड्या पोराचं पुसतात तसं.

“मीबी तेच म्हनत होतो,” त्या म्हणाल्या. “तुमाले वाईट वाटन म्हून बोललो नाही.”

तेवढ्यात मुलगी दारात. तीन महिने टाकीपाशी घालवलेली, आपल्या कामात चोख पोर. तिनं वाकून बापाच्या हातातल्या वाटीच्या तळाशी मीटर टेकवला होता आणि आकडा वाचत होती.

“पण बाबा,” ती म्हणाली, “तीन पॉइंट नऊ दाखवतंय. ही तर बिल्कुल आंबट आहे.”

“मीटर बंद कर,” मी म्हटलं, “आणि आजीची बॅग भरायला ये.”